तळवे नसलेला माणूस

“आधी बसव त्याला. उभा माणूस निम्माच दिसतो.”

पट्टीकाकांचा आवाज हा असा. कुठून येतो ते कळत नाही, पण आल्याशिवाय राहत नाही. सिस्टर ओट्याशी उभी राहून सकाळचं खात होती, तेव्हा तो आला, आणि हातातला घास हातातच राहिला.

सासूबाई टेबलाशी बसून पाहत होत्या. आज अकरावा दिवस. सून उभ्याने खाते, उभ्याने चहा पिते, दमून आली तरी भिंतीला टेकते पण खुर्चीला पाठ लावत नाही. बसमध्ये रिकामी जागा सोडून दांडी धरून उभी असते, हे शेजारणीने येऊन सांगितलं होतं. मुलगा दूरच्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. तेव्हा पाहणाऱ्या त्या एकट्याच.

“घोडा उभ्याने झोपतो म्हणे,” त्या म्हणाल्या. “पण त्याला चार पाय असतात, बाई.”

सिस्टर हसल्यासारखं करून पिशवी घेऊन निघाली. तुरुंगाच्या दाखल-खोलीत ती चौदा वर्षं परिचारिका होती. कैदी, शिपाई, डॉक्टर सगळे तिला सिस्टर म्हणायचे, आणि हळूहळू गल्लीनेही तेच नाव उचललं होतं.

बसायला गुडघे वाकवले की दुसराच आवाज यायचा, हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तो पट्टीकाकांचा नव्हे. हलका, थट्टेतला, थोडा धाप लागलेला. “बसू दिलंत तर करून देतो.” एवढंच. मग गुडघे आपोआप सरळ व्हायचे.

पट्टीकाका त्या खोलीतले जुने ड्रेसर. मलमपट्टी त्यांची, म्हणून नाव पट्टीकाका. सिस्टर नवी आली तेव्हा तिला सगळं शिकवलं ते त्यांनी. पोलिसांच्या कोठडीतून जो कैदी तुरुंगात येतो, त्याला आत घेण्याआधी तपासून अंगावर काय काय आहे ते लिहून घ्यायचं असतं. येतानाच्या खुणा लिहिल्या तर त्या आणणाऱ्यांच्या माथी. नाही लिहिल्या, आणि मागाहून निघाल्या, तर त्या आतल्याच कुणाच्या तरी. एका कागदावर इतकं सगळं टांगलेलं असतं.

पट्टीकाकांची पद्धत एकच होती. खिडकीजवळ एक लाकडी स्टूल. येईल त्याला त्यावर बसवायचं, पायातलं काढायला लावायचं आणि त्याचे पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घ्यायचे. खुनाचा आरोपी असो की खिसेकापू, पाय गुडघ्यावर. सुरुवातीला तिला किळस यायची. ते म्हणायचे, तोंड खोटं बोलेल. शेजारी आणणारा शिपाई उभा असला की बोलणारच. पायाला शिपाई दिसत नाही.

ज्या कागदावर लिहायचं त्याला सगळे अंगाचा नकाशा म्हणत. त्यावर दोन माणसं छापलेली, एक समोरून, एक पाठीमागून. हात अंगापासून जरा दूर. नाक-डोळे नाहीत. जिथे मार दिसेल तिथे फुली करायची. पट्टीकाका प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेनने दोन लांबट गोल काढायचे, जणू कुणी ओल्या पायाने कागदावरून चालत गेलंय. ते का काढतात, हे तिने कधी विचारलं नाही. म्हाताऱ्याची सवय, एवढंच तिला वाटायचं.

निवृत्तीच्या दिवशी भाषण नाही, हार नाही. दोघांनी चहा घेतला आणि काकांनी तिचा हात धरून स्टुलावर ठेवला.

“एकही माणूस उभ्याउभ्या आत जाणार नाही. म्हण.”

ती म्हणाली.

“हा नेम आहे, पोरी. नेम मोडला की पाप लागतं म्हणतात. ते मला ठाऊक नाही. सवय लागते, एवढं मात्र पाहिलंय.”

पुढच्या वर्षी ते गेले. सिस्टरने नेम पाळला, चांगला सहा-सात वर्षं पाळला. तिचा आणखी एक नेम होता. मोठ्या फाटकातून आत शिरण्याआधी मिनिटभर डोळे मिटायचे आणि मनात म्हणायचं, आज माझ्या हातून कुणाला दुखू नये. तो कधी चुकला नाही. स्टुलाचा चुकला, आणि तो एका कपाटामुळे.

डॉक्टर रोज अकराला यायचे आणि पाऊण तासात जायचे. तेवढ्यात तीस-तीस कागद कसे व्हायचे? म्हणून ते आठवड्याचे कोरे कागद आधीच सही करून ठेवत. तपासून भरायचं सिस्टरने. गैर होतं, पण गैर वाटेनासं झालं होतं. मग एका दिवशी औषधांच्या कपाटाचं कुलूप लागेना. सही केलेले कोरे कागद उघड्या कपाटात ठेवणं म्हणजे विस्तव उशाशी घेऊन झोपणं. तिने गठ्ठा उचलला आणि नजरेसमोर, हाताशी, स्टुलावर ठेवला. दोन दिवसांपुरता. दुरुस्तीचा अर्ज वर गेला. अर्जाला पाय फुटले नाहीत. गठ्ठ्यावर गठ्ठा चढला, आणि माणसं उभीच तपासली जाऊ लागली. सदरा वर कर, वळ, तोंड उघड, हात दाखव, पुढचा. रांग तासभर आधी संपायची. जेलरने एकदा सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि तिलाही ते बरं वाटलं.

अशा सात महिन्यांनी कुलूपवाला आला.

पन्नाशीचा, किडकिडीत, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. बाजारात किल्ल्या करायचं त्याचं टपरीवजा दुकान. कुठलीशी तिजोरी एक ओरखडा न उमटता उघडली गेली होती. बरोबरचा शिपाई हसत सांगत होता की इतकं स्वच्छ काम गावात दोघांनाच येतं आणि दुसऱ्याला आता दिसत नाही, असं हा स्वतःच बोलून बसला. कुलूपवाल्याच्या पायात चपला होत्या, त्या त्याच्या नव्हत्या. चार बोटं मोठ्या. तो पावलांच्या बाहेरच्या कडांवर चालत आला, तापलेल्या वाळूवरून यावं तसा. हे तिच्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या पेनाने पाहिलं नाही.

सदरा वर झाला. पाठ स्वच्छ. तोंड, हात ठीक. काही दुखतंय का, तिने विचारलं. शिपाई हातभर अंतरावर होता. कुलूपवाला नाही म्हणाला. मग त्याची नजर कपाटाकडे गेली.

“कुलूप चांगलं आहे, सिस्टर. बिजागरी उतरलीय, म्हणून लागत नाही. एका स्क्रूचं काम. बसू दिलंत तर करून देतो.”

शिपाई खो-खो हसला. आत पाऊल टाकलं नाही तोच याला पहिलं कपाटच दिसलं, म्हणाला. सिस्टरलाही हसू आलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “या इमारतीत एक तरी कुलूप उघडं असू दे.”

कुलूपवालाही हसला, सगळ्यांच्या मागून. त्याचा एक हात भिंतीवर होता. तिने लिहिलं, अंगावर ताजी इजा नाही. पुढचा आला.

पाचव्या दिवशी तो मोठ्या इस्पितळात मेला. मूत्रपिंडं बंद पडली होती. अहवालात आलं की दोन्ही तळव्यांना जबर मुका मार, आतलं मांस चेचलेलं, त्याचंच विष रक्तात भिनलं. मार केव्हाचा? येतानाचा नाही. येतानाच्या कागदावर तर सिस्टरच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे मार आत बसला. आत त्याच्या कोठडीत दुसरा एकच माणूस होता, एक शिंपी. आणि कुलूपवाल्याच्या पायांना चादरीच्या पट्ट्या बांधलेल्या सापडल्या होत्या. बांधून मारलं, असं ठरलं.

तिने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून सांगितलं की मी तळवे पाहिलेच नव्हते. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. पेनाचं टोपण त्यांनी तीनदा लावलं आणि काढलं. मग छापील कागद तिच्यापुढे सरकवला.

“यावर तळवे छापलेलेच नाहीत, सिस्टर. जे छापलेलं नाही ते भरलं नाही, यात चूक कसली?”

तिने पाहिलं. खरंच नव्हते. दोन्ही माणसं उभी होती, आणि उभ्या माणसाचे तळवे जमिनीकडे असतात. चौदा वर्षं हाताळलेला कागद, आणि तिला आज दिसत होतं की पट्टीकाका कोपऱ्यात काय काढत होते. मग दुसरी गोष्ट दिसली. मारणाऱ्यांनीही हा कागद पाहिलेला होता.

तेव्हापासून तिचं बसणं गेलं. तिने गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, स्टूल पुसलं, आणि येईल त्याला बसवू लागली. पण शेवटचा कैदी उठून गेला तरी स्टूल रिकामं झालंय असं वाटायचं नाही. तिकडे पाठ केली की मोठ्या चपला फरशीवर फटक-फटक वाजायच्या. वळली की कुणी नसायचं. घरी एकदा भरदुपारी न्हाणीघरापासून खोलीपर्यंत ओली पावलं दिसली. टाच नाही, बोटं नाहीत, नुसत्या बाहेरच्या कडा, चंद्रकोरीसारख्या. ती दारात खिळून राहिली. सासूबाईंचे पाय तसेच होते, बाहेरच्या कडांवर टेकणारे. जन्मभर त्यांची पावलं तशीच उमटत आली होती. हे तिला ठाऊक होतं. तरी ती पावलं वाळेपर्यंत तिला त्यांवरून पलीकडे जाववेना.

तर त्या अकराव्या दिवशी सकाळी दाखल-खोलीत शिंप्याला आणलं. तुरुंगातून बाहेर न्यायच्या माणसालाही तपासावं लागतं. उद्या त्याला न्यायाधीशांपुढे उभं करणार होते, आणि तिथून ताबा तपासवाल्यांकडे जाणार होता. कुलूपवाला ज्यांच्याकडून आला होता त्याच माणसांकडे, त्याच खोलीत.

शिंपी बुटका, केस कानावर पिकलेले. तिने स्टूल दाखवलं. तो बसला. तिने उभ्यानेच वाकून त्याचा पाय हातात घेतला, तसा तो ओशाळला आणि लाज लपवायला बोलू लागला.

“कोट खांद्यात अर्धं बोट सैल आहे तुमचा, सिस्टर. कुणी शिवला?”

“सरकारने,” ती म्हणाली.

“तरीच. सरकार सगळ्यांचं माप एकदाच घेतं.”

दारातल्या पहारेकऱ्याने तोंड फिरवून बिडी शिलगावली. शिंप्याचा आवाज उतरला. कुलूपवाल्याचे पाय त्या मोठ्या चपलांतही मावत नव्हते, तो सांगत होता. आधी लाल, मग जांभळे. लघवी काळ्या चहासारखी. शिंप्याने हाका मारल्या, तर डॉक्टर अकराला येतात असं उत्तर आलं. मग त्याने आपली चादर फाडली, पट्ट्या भिजवल्या आणि गुंडाळल्या. त्याला तेवढंच सुचलं.

“गाठी बघितल्या त्यांनी. म्हणाले, ही गाठ शिंप्याची. आहेच ना माझी. मी कुठे नाही म्हणतो?”

तिने दुसरा पाय घेतला. तळव्याला एक जुनं कुरूप होतं, बाकी काही नाही. शिवणयंत्रावर पाय मारून मारून आलेलं.

“त्या खोलीबद्दल बोलला तो काही?”

“एकदाच. तिथे खुर्च्या आहेत म्हणाला, पण बसायला नाहीत. पाय वर बांधायला.” त्याने दाराकडे पाहिलं. “तुमच्याबद्दलही बोलला.”

सिस्टरने मान वर केली नाही. काय, एवढंच विचारलं.

“म्हणाला, सिस्टर हसली. चार दिवसांत पहिल्यांदा माणूस हसलेलं पाहिलं. बरं वाटलं म्हणाला.”

शिवी दिली असती तर सोसली असती. तिच्या हातात शिंप्याचा पाय होता, तो तिने सावकाश जमिनीवर ठेवला, काचेचं भांडं ठेवावं तसा.

“मी परत आलो तर मला बसवाल ना?” शिंप्याने विचारलं. विचारताना तो हसत होता, पण आता असल्या हसण्याला ती फसणार नव्हती.

“उद्या न्यायाधीशांपुढे तुझ्याआधी मी उभी राहीन,” ती म्हणाली. “काय झालं ते सांगेन.”

“नोकरी जाईल तुमची.”

“सांगेन म्हटलं ना.”

कागद भरून झाल्यावर तिने कोपऱ्यात दोन लांबट गोल काढले. शेजारी लिहिलं: दोन्ही तळवे पाहिले, इजा नाही, उजव्यावर जुनं कुरूप. अकराला डॉक्टर आले. या कागदावर सही आधीची नव्हती, तो तिने मुद्दाम बिनसहीचा घेतला होता. डॉक्टरांनी त्या गोलांवर बोट ठेवलं.

“हे नवीन काय?”

“जुनंच आहे.”

त्यांनी शिंप्याला परत बोलावलं, स्वतः वाकून तळवे पाहिले आणि मग सही केली. सिस्टरने त्यांना उद्याचं सांगितलं. आपल्या तोंडून कळावं म्हणून सांगितलं. मागाहून कळलं तर ते पाठीत वार केल्यासारखं झालं असतं. कुलूपवाल्याच्या कागदावर सही त्यांची होती, तपासणीच्या दोन दिवस आधीची, आणि तेही सांगावं लागणार होतं. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. शेवटी म्हणाले, मी तुम्हाला अडवत नाही, पण मी बरोबर येईन असंही धरून चालू नका. तिने धरलंच नव्हतं.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. तिने पिशवी टांगली आणि सवयीने भिंतीला टेकली. सासूबाई उठल्या. आपली खुर्ची त्यांनी ओढत तिच्यापाशी आणली.

“आधी बस.”

तिने मान हलवली. सासूबाईंनी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला खाली दाबलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. गुडघे वाकले आणि आवाज आला, अगदी कानाशी. बसू दिलंत तर करून देतो. ती उठायला गेली. सासूबाई समोर जमिनीवर बसल्या होत्या आणि तिचे सुजलेले पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतले होते. सासूने सुनेचे. तिला पाय ओढून घेता येईनात.

“नाही म्हणायचं नाही. अकरा दिवस तोंड पाहतेय तुझं. तोंडातून काही निघत नाही, निदान पायातून निघेल.”

मग तिने सांगितलं. कपाटापासून सांगितलं. स्टूल, गठ्ठा, मोठ्या चपला, भिंतीवरचा हात, आपण हसलो ते, आणि शिंपी, उद्याचं कोर्ट. सांगताना तो आवाज थांबला नाही, पण आज ती त्याच्यापासून उठून पळाली नाही. बसून ऐकत राहिली.

सासूबाईंनी पाय चोळायचं थांबवलं नाही.

“खोटं लिहिलंस का?” त्यांनी विचारलं.

“न पाहता लिहिलं.”

“मग तसंच सांग. ‘मी पाहिलं नाही.’ याला एक शब्द जास्त लावू नकोस, रडू नकोस, आणि मी वाईट, मी पापी असंही म्हणू नकोस. तुझं पाप ऐकायला कोर्ट नाही बसलेलं. त्या शिंप्याचं काय ते बघायला बसलंय.”

“नोकरी जाईल, आई.”

“जाईल,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्याला मी कळवते. तो आधी चिडेल, मग जेवेल, मग समजेल. त्याच्या वडिलांचंही असंच होतं.”

त्या संध्याकाळी सिस्टर बसून जेवली. दोन घासांत एकदा तरी पाठ ताठ व्हायची, पण बसून जेवली.

सकाळी ती लवकर उठली. अंघोळ केली. एका साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या: अमुक दिवशी कुलूपवाल्याला मी उभ्यानेच तपासलं, तो कडांवर चालत होता, त्याने बसू देण्याविषयी विचारलं, मी बसू दिलं नाही, मी त्याचे तळवे पाहिले नाहीत. पाचवी ओळ डॉक्टरांच्या सहीची. खाली दोन लांबट गोल काढले आणि ते रिकामे ठेवले. कागद घडी करून पिशवीत घातला.

सासूबाई पलीकडे तोंड करून झोपल्या होत्या, किंवा झोपल्याचं दाखवत होत्या. ओट्यावर चहा झाकून ठेवलेला होता आणि ओट्याशी एक खुर्ची आणून ठेवलेली होती.

तिने बसून चहा घेतला. मोठ्या फाटकाशी म्हणायचं ते आज घराच्या उंबऱ्यातच डोळे मिटून म्हटलं. मागे फरशीवर न्हाणीघरापासून ओली पावलं उमटली होती, टाच, कमान, पाचही बोटं. तिचीच. मोठ्या चपला वाजतायत का, म्हणून ती क्षणभर थांबली. वाजत होत्या, जिन्यात, तिच्या एक पायरी पुढे.

कोर्ट अकराला बसायचं. तिने दार हळूच ओढून घेतलं आणि त्या आवाजामागून पायऱ्या उतरू लागली.